सुरतहून परतलेलं मोठं मूल मराठी शाळेत घालताना

उधना, लिंबायत, पांडेसरा भागात पाच-सहा वर्षं काढून एखादं कुटुंब शिंदखेडा, साक्री किंवा अमळनेरकडे परत येतं, तेव्हा मुलाच्या दप्तरात गुजराती पुस्तकं असतात, घरात अहिराणी असते आणि गावातली शाळा मराठी असते. मूल दहा-बारा वर्षांचं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर पहिलाच प्रश्न येतो, याला कितवीत बसवायचं? "मराठी वाचता येत नाही ना, मग सध्या तिसरीत बसवू," हे उत्तर बऱ्याच ठिकाणी मिळतं आणि पालकही हो म्हणून मोकळे होतात. हा होकार मुलाला फार महाग पडतो. बारा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या पोरांत बसला की त्याला रोज सगळ्यांसमोर लाज वाटते. दिवाळीपर्यंत तो शाळेत येणं टाळतो आणि कापूस वेचणीला हात लावायला लागतो.

मराठी येत नाही हे कारण दाखवून मूल खालच्या वर्गात बसवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. इथली माहिती ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका आणि अनुदानित शाळांपुरती आहे. मूल गुजराती माध्यमातून आलेलं असो, हिंदी माध्यमातून किंवा मधली दोन-तीन वर्षं शाळेतच न गेलेलं असो, सगळ्यांना हाच कायदा लागू. सुरत महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. तिथून आलेल्या मुलाला भाषेची अडचण कमी, पण कागदांचं काम त्यालाही सगळं करावं लागतं.

बदली की वयानुरूप प्रवेश?

शाळेत पाऊल टाकण्याआधी हे ठरवून घ्या, कारण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

मूल सुरतला सलग शाळेत जात होतं, तिथे वर्ग पास झालं आणि आता गावी आलं, तर ती बदली. कायद्याचं कलम ५ त्यासाठी आहे. तिथे पाचवी झाली असेल तर इथे सहावी. तिथली पाचवी गुजरातीत झाली म्हणून ती इथे कमी ठरत नाही.

मूल कधी शाळेत गेलंच नाही किंवा मध्येच सुटलं, तर तो कलम ४ चा वयानुरूप प्रवेश. वयाला जो वर्ग येतो त्यात नाव दाखल करायचं आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा. हे प्रशिक्षण किमान ३ महिन्यांचं असतं आणि गरज असेल तर २ वर्षांपर्यंत वाढवता येतं. तो मुलाचा हक्क आहे, शाळेची मेहेरबानी नाही.

वर्ग मोजायची रीत सोपी आहे. राज्यात पहिलीसाठी त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण लागतात. म्हणून ३१ डिसेंबरला जितकी वर्षं पूर्ण होतात त्यातून ५ वजा करा. २०२६-२७ या वर्षाचं उदाहरण घ्या. ५ जानेवारी २०१५ ला जन्मलेल्या मुलीला ३१ डिसेंबर २०२६ रोजी ११ पूर्ण, म्हणजे सहावी. तिची चुलत बहीण २८ डिसेंबर २०१४ ची असेल तर तिला १२ पूर्ण, म्हणजे सातवी. आठ दिवसांच्या फरकाने वर्ग बदलतो, म्हणून जन्मतारीख अंदाजाने सांगू नका.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. २०२३ साली राज्याने नियमांत बदल केला. त्यानुसार पाचवीपर्यंत मूल थेट वयाप्रमाणे बसतं. सहावी, सातवी, आठवीत वयानुरूप प्रवेश हवा असेल तर पाचवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती जमली नाही तर मूल पाचवीत बसतं. परीक्षा भाषा, गणित, परिसर अभ्यास यांची असते आणि प्रत्येक विषयात किमान ३५ टक्के लागतात. म्हणजे सुरतला पाचवी पास झालेल्या मुलीचे कागद हरवले आणि शाळेने तिला "शाळाबाह्य" म्हणून नोंदवलं, तर तिला मराठीतून पाचवीची परीक्षा देण्याची वेळ येते. तेच कागद हातात असले तर ती बदलीची विद्यार्थिनी असते आणि पुढच्या वर्गात बसते. पाचवीचं प्रगतिपत्रक हा एक कागद मुलाचं एखाद-दुसरं वर्ष वाचवतो. रेशनकार्डाइतकाच जपून ठेवा.

सुरत सोडण्याआधी काय घ्यायचं

तिकडे शाळा सोडल्याच्या दाखल्याला 'एल.सी.' म्हणतात आणि आपल्याकडच्या रजिस्टर नंबराला 'जी.आर. नंबर'. शाळेतून एल.सी., शेवटच्या दोन इयत्तांची प्रगतिपत्रकं आणि पी.ई.एन. हा कायमचा शिक्षण क्रमांक, एवढं मागून घ्या. पी.ई.एन. एल.सी.वर छापलेला नसेल तर वर्गशिक्षकांना यू-डायसमध्ये, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, बघून लिहून द्यायला सांगा. इथली शाळा तो क्रमांक आणि जन्मतारीख टाकून मुलाची नोंद आपल्याकडे ओढून घेते. त्यासाठी जुन्या शाळेने मूल 'ड्रॉप बॉक्स'मध्ये, म्हणजे त्याच नोंदीतल्या शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या यादीत, टाकलेलं असावं लागतं. ते न केल्यामुळे मूल दोन राज्यांत दोन ठिकाणी दिसतं आणि इथले गुरुजी नोंद घेताना अडतात. निघण्याच्या दिवशीच विचारा, "आमचं पोर ड्रॉप बॉक्सला टाकलं का?"

परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षण कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी इथल्या शाळा मागतात. आठवीपर्यंत ती नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तरी तिथे असतानाच घेतलेली बरी, कारण नंतर एका सहीसाठी सुरतची वारी म्हणजे ताप्ती लाइनवरचा येण्या-जाण्याचा दिवस आणि एक खाडा.

एल.सी. हातात पडली की काउंटरवरच वाचा. गुजराती येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या, त्याला येतं. तीन जागा तपासायच्या. पहिली, नाव. तिकडे वडिलांचं नाव 'रमेशभाई' आणि मुलीचं 'पूनमबेन' असं लिहिलेलं असतं, इथल्या जन्मदाखल्यावर नुसतं 'रमेश' आणि 'पूनम'. आधारवर तिसरंच. दुसरी, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात एकच आहे का. तिसरी जातीची नोंद, आणि ही सर्वांत नाजूक. तिकडे आडनावावरून किंवा बोलण्यावरून काहीतरी मोघम लिहून टाकलेलं असतं. पुढे जातीचा दाखला आणि पडताळणी करताना शाळेच्या रजिस्टरमधली नोंद काढून बघितली जाते. इथे नवीन नोंद करताना वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला समोर ठेवा आणि त्यावर जशी जात आहे तशीच, अक्षरशः तशीच लिहून घ्या. मूल शाळेत असताना चूक दुरुस्त करणं अवघड असतं, शाळा सोडल्यावर तर फारच.

कागद नसले तर

प्रवेश थांबत नाही. कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येणार नाही, आणि दाखला द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून मूल परत पाठवता येणार नाही. जन्मदाखला नसेल तर दवाखान्याची किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरची नोंद चालते, अंगणवाडीची नोंद चालते, तेही नसेल तर पालकाने वयाचं लेखी निवेदन द्यायचं. आधार नसणं हेही प्रवेश नाकारायचं कारण नाही.

मुख्याध्यापक आधारावर अडून बसतात याला कारण आहे, तेही समजून घ्या. शाळेची संचमान्यता, म्हणजे किती शिक्षक मंजूर, ती आधार जुळलेल्या पटावर ठरते. आधार नसलेलं मूल वर्गात बसतं पण पटात मोजलं जात नाही. म्हणून भांडण्याआधी आधार केंद्रावर नोंदणी करून त्याची पावती सोबत न्या. निम्मा विरोध तिथेच मावळतो.

जून उलटून गेला असला तरी काळजी नको. कलम १५ प्रमाणे मुदतीनंतर आलेल्या मुलालाही प्रवेश द्यावाच लागतो. ऊसतोडीवरून, वीटभट्टीवरून फेब्रुवारी-मार्चमध्ये परतणाऱ्या कुटुंबांनी "आता पुढच्या वर्षी बघू" म्हणू नये. स्थलांतर करतानाच शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घेतलं असेल तर मूल जाईल तिथल्या शाळेत ते दाखवून बसवता येतं, आणि परत आल्यावर त्याच वर्गात घेतलं जातं.

वर सांगितलेली पाचवीची वार्षिक परीक्षा सोडली तर प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची चाचणी घेता येत नाही. कलम १३ नुसार अशा चाळणीला पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि त्यापुढे दर वेळी ५०,०००. मूल वर्गात बसवल्यानंतर त्याला काय येतं हे शिक्षकांनी तपासणं वेगळं. ते करायलाच हवं.

अर्ज कसा द्यायचा

तोंडी विचारू नका. तोंडी प्रश्नाला तोंडी नकार मिळतो आणि त्याचा पुरावा राहत नाही. कोऱ्या कागदावर दोन प्रती लिहा. मजकूर इतकाच पुरे:

"माझा मुलगा (नाव), जन्मतारीख (तारीख), सुरत येथे गुजराती माध्यमात इयत्ता पाचवी उत्तीर्ण आहे. आम्ही कायमचे गावी परत आलो आहोत. शिक्षण हक्क कायदा कलम ५ नुसार त्याला इयत्ता सहावीत प्रवेश द्यावा आणि मराठी भाषेसाठी वर्गात जादा मार्गदर्शन मिळावे. प्रगतिपत्रकाची प्रत जोडली आहे. दाखला मिळताच जमा करतो."

शाळा सुटलेलं मूल असेल तर कलम ४ लिहा, वयाने येणारा वर्ग लिहा आणि "विशेष प्रशिक्षण मिळावे" हे शब्द घाला. एक प्रत शाळेला, दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. मूळ प्रगतिपत्रक कुणालाही देऊन टाकू नका. झेरॉक्स द्यायची, मूळ दाखवून परत घ्यायची.

नकार आला तर आधी केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. बहुतेक प्रकरणं पोच असलेला अर्ज दाखवल्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या एका फोनवर सुटतात. तिथेही नाही सुटलं तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. मात्र या काळात मूल घरी बसवू नका. मिळेल त्या वर्गात बसवा आणि अर्जात स्पष्ट लिहा की हा वर्ग आम्हाला मान्य नाही.

दोन दारं मोठ्या मुलांसाठी बंद असतात, त्यांच्या मागे वेळ घालवू नका. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा फक्त शाळेच्या सुरुवातीच्या वर्गासाठी आहेत, पाचवी-सहावीला त्यातून प्रवेश मिळत नाही. नवोदयला सहावी आणि नववीसाठी निवड परीक्षा आहे, तिथे वयानुरूप प्रवेश चालत नाही. याउलट आदिवासी मुलांसाठी नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल प्रकल्प कार्यालयांकडे शासकीय आश्रमशाळेत रिकामी जागा आहे का हे जरूर विचारा. शाळा सुटलेल्या १० वर्षांवरच्या मुलीसाठी नंदुरबार जिल्ह्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांचा पर्याय आहे, राहण्याजेवणासह.

मराठीचे पहिले तीन महिने

प्रवेश झाला की खरं काम सुरू होतं. गुजराती शिकलेल्या मुलाला "काहीच येत नाही" असं धरून बाराखडीपासून घेतात, ही चूक. त्याला वाचता येतं, फक्त लिपी दुसरी आहे. गुजरातीत शिरोरेषा नसते. बरीच अक्षरं शिरोरेषा काढलेल्या देवनागरीसारखीच आहेत, तेवढी पहिल्याच दिवशी ओळखून घ्या. वेगळी दिसणारी, म्हणजे अ, इ, क, ख, ज, झ, फ, ब, ही वेगळी काढून रोज चार-चार घटवा. ऱ्या आणि ऱ्ह मधला अर्धा र त्याने पाहिलेला नसतो, तो सुऱ्या, दोऱ्या, वऱ्हाडी अशा शब्दांतून दाखवा. अंकांत पाचाकडे लक्ष ठेवा. गुजराती ५ हा आपल्या 'प'सारखा दिसतो, त्यामुळे गणिताच्या वहीत 'प५' अशी खाडाखोड दिसली तर ते मूल गोंधळलेलं आहे, गणितात कच्चं नाही.

गणितातच दुसरी अडचण दडलेली असते. गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, त्रिकोण हे शब्द दोन्ही भाषांत एकच आहेत. पण बेरजेला गुजरातीत 'सरवाळो' आणि वजाबाकीला 'बादबाकी' म्हणतात. "बेरीज करा" वाचून थांबलेल्या मुलाला "सरवाळो" म्हणून बघा, गणित लगेच सुटतं. हिंदीतून आलेल्याला 'भिन्न' म्हणजे अपूर्णांक आणि 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. त्याला आपली 'शिक्षा' समजावून सांगावी लागते, नाहीतर नागरिकशास्त्राच्या धड्यात अर्थाचा अनर्थ होतो.

मुलं परीक्षेत अडतात ती उत्तरापेक्षा प्रश्नाच्या भाषेत. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कारणे लिहा, फरक स्पष्ट करा, एका वाक्यात उत्तर लिहा, असे वीस-पंचवीस आदेश असतात. गुजरातीत 'खाली जग्या पूरो' हे ज्याने शंभरदा केलंय त्याला 'रिकाम्या जागा भरा' एकदा जोडून दिलं की पुरतं. एका कागदावर डावीकडे जुना आदेश, उजवीकडे मराठी, असा तक्ता करून वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा. पाचवीची परीक्षा द्यायची असेल तर हे पहिल्या आठवड्यातच करा.

आणि अहिराणी. ती अडसर नाही, तो पूल आहे. 'मनी', 'तुनी', 'आजीनं' यातला न गुजरातीच्या नो-नी-नुं जवळचा आहे, मराठी च-ची-चं त्याच्याशेजारी ठेवून शिकवता येतं. पुस्तकात "माझ्या आजीचे घर" असं छापलेलं असताना मुलगी "मनी आजीनं घर" वाचत असेल, तर तिने वाक्य वाचलंय, समजून घेतलंय आणि आपल्या भाषेत आणलंय. तिला थांबवून चूक काढू नका. "बरोबर, आता पुस्तकात कसं लिहिलंय ते म्हण," एवढंच सांगा. श्रुतलेखनात शाळेचं 'शाया', डोळ्याचं 'डोया', काळ्याचं 'काया' होतं, कारण अहिराणीत ळ चा य होतो. गुजरातीत मात्र ळ आहे आणि शाळेला 'शाळा'च म्हणतात. सुरतला शिकलेल्या मुलाला तेवढी आठवण करून दिली की हात सुधारतो.

रोज ४० मिनिटं पुरतात, पण रोज. पहिले दोन आठवडे लिपी, पुढे महिनाभर खालच्या इयत्तेतले छोटे धडे मोठ्याने वाचणं, आणि तिसऱ्या महिन्यापासून स्वतःच्या इयत्तेचं पुस्तक. बालभारतीची पुस्तकं आठवीपर्यंत शाळेतून मोफत मिळतात, खालच्या इयत्तांची बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. या काळात तोंडी उत्तर ग्राह्य धरावं अशी विनंती वर्गशिक्षकांना करा. लिहायला वेळ लागतो, कळायला लागत नाही. घरी अहिराणी बंद करून मोडकीतोडकी मराठी बोलायचा प्रयत्न मात्र करू नका, त्याने मूल घरातही गप्प होतं.

वय १४ च्या जवळ असेल तर

घाई करा. १४ वर्षं पूर्ण व्हायच्या आधी कलम ४ खाली नाव दाखल झालं, तर वय पुढे सरकलं तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच राहतं. एकदा १४ उलटून गेलं की हा दरवाजा मिळत नाही. मग राहतात ते बाहेरून परीक्षा देण्याचे रस्ते. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं, धुळे, जळगाव, नंदुरबारसाठी विभागीय मंडळ नाशिकला आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीलाही १४ वर्षं पूर्ण लागतात. १७ नंबरच्या फॉर्मसाठी दोन गोष्टी बघतात. वय १४ पूर्ण, आणि किमान पाचवी पास. तिथेही तेच सुरतचं पाचवीचं प्रगतिपत्रक काढून द्यावं लागतं.